मज्जेचे दान

मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेस निघाले म्हणजे वसई-विरार मागे पडते, वैतरणेचा पूल ओलांडला जातो आणि थोड्या वेळाने पालघर येते. त्याच्या पुढे बोईसर. तेथे उतरून समुद्राच्या दिशेने गेले की तारापूरचा किनारा लागतो. माडांची दाटी, वाळत घातलेली मासळी आणि जुन्या किल्ल्याचा तट असे या किनाऱ्याचे रूप फार दिवसांचे आहे. याच किनाऱ्यावर भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र उभे राहिले आणि १९६९ साली तेथे अणूच्या शक्तीपासून वीज निर्माण होऊ लागली.

या केंद्राचे मुंबईतील परळच्या एका रुग्णालयाशी नाते आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते रुग्णालय म्हणजे कर्करोगावरील उपचारांसाठी प्रसिद्ध असलेले टाटा स्मारक रुग्णालय. भारत सरकारच्या ज्या अणुऊर्जा विभागाच्या छायेखाली तारापूरचे केंद्र उभारले गेले, त्याच विभागाकडे १९६२ साली हे रुग्णालयही सोपविण्यात आले. वीज निर्माण करणारा अणू आणि रोग्याची शुश्रूषा करणारे रुग्णालय यांची ही सांगड वरवर पाहता विचित्र वाटते. परंतु रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाचा इतिहास पाहिला म्हणजे ती किती अर्थपूर्ण आहे, हे ध्यानी येते.

आपल्या शरीरातील हाडे वरून दगडासारखी कठीण दिसतात. परंतु त्यांच्या पोकळीत एक मऊ पदार्थ भरलेला असतो. त्याला अस्थिमज्जा असे म्हणतात. ही मज्जा म्हणजे रक्ताचा अखंड चालणारा कारखानाच होय. प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखमेतून वाहणारे रक्त थांबविणाऱ्या बिंबिका या सर्वांचा जन्म येथे होतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, बिंबिका आठदहा दिवसच टिकते. म्हणून या कारखान्याला क्षणाचीही विश्रांती घेता येत नाही. दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तेथून रक्तात उतरतात. इतक्या नानाविध पेशी ज्यांच्यापासून निर्माण होतात, त्या मज्जेतील थोड्याशा आद्य पेशींना मूलपेशी म्हणतात. मूलपेशीचे वैशिष्ट्य असे की, ती इतर पेशींना जन्म देते आणि त्याच वेळी स्वतःसारख्या नव्या मूलपेशीही घडविते. धान्य पिकवून खावे आणि पुढच्या पेरणीसाठी बियाणेही राखून ठेवावे, तसाच हा व्यवहार आहे.

या कारखान्यात बिघाड झाला म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो. फिरखो नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या रोगाला 'ल्युकेमिया' हे नाव दिले. त्याचा अर्थ 'पांढरे रक्त' असा आहे. या रोगात काही पांढऱ्या पेशी आपले काम विसरून बेसुमार वाढू लागतात. शेतात माजलेल्या तणाने पिकाला जागा उरू नये, तसे मज्जेत निरोगी पेशींना स्थान उरत नाही. रोगी फिका पडतो, त्याला वारंवार ताप येतो आणि साध्या खरचटण्यानेही रक्त वाहत राहते. कित्येक वर्षे या रोगापुढे वैद्यकशास्त्र हतबल होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली याच रोगाने निधन झाले. धन, मान आणि उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असूनही त्यांचे प्राण वाचले नाहीत. या दुःखातून दोराबजींनी १९३२ साली पत्नीच्या नावे एक निधी स्थापन केला आणि ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना त्यातून साहाय्य मिळू लागले. पुढे टाटांच्याच विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले. स्फोटातून वाचलेली कित्येक माणसे पुढील काही आठवड्यांत मरण पावली. अणूतून निघणाऱ्या किरणांनी त्यांच्या अस्थिमज्जेचा नाश केला होता. किरणांनी मज्जा नष्ट झाली, तर ती पुन्हा कशी मिळवून द्यावी, हा प्रश्न तेव्हापासून शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. अमेरिकेत जेकबसन या शास्त्रज्ञाने १९४९ साली उंदरांवर प्रयोग केला. किरणांचा मारा करताना त्याने उंदराची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकून ठेवली. ज्यांची प्लीहा झाकलेली होती, ते उंदीर पुष्कळ प्रमाणात जगले. कारण उंदराच्या प्लीहेतही रक्त निर्माण करणाऱ्या पेशी असतात. थोड्याच वर्षांत असे दिसून आले की, किरणांचा मारा झालेल्या उंदराला दुसऱ्या उंदराची मज्जा टोचली तरीही तो वाचतो. १९६१ साली कॅनडातील टिल आणि मॅकलॉक या जोडीने त्याचे रहस्य उलगडले. मज्जा टोचलेल्या उंदरांच्या प्लीहेवर सुमारे दहा दिवसांनी लहान लहान गाठी उमटलेल्या त्यांना आढळल्या. जितक्या अधिक पेशी टोचाव्या, तितक्या अधिक गाठी दिसत. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते, हे पुढे सिद्ध झाले आणि मूलपेशींच्या शास्त्राचा पाया घातला गेला.

माणसावर या ज्ञानाची कसोटी पाहण्याचा प्रसंग त्यापूर्वीच, एका अपघाताने ओढवला होता. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील विन्चा येथील अणुभट्टीत सहा जणांना घातक किरणांची बाधा झाली. त्यांना विमानाने पॅरिसला नेण्यात आले. तेथील जॉर्ज माथे या डॉक्टरांनी त्यांपैकी पाच जणांना इतरांची मज्जा देण्याचे ठरविले. ही मज्जा देण्यास जे फ्रेंच नागरिक पुढे आले, त्यांचे रोग्यांशी ना रक्ताचे नाते होते, ना भाषेचे. असे दान जगात यापूर्वी कोणी केले नव्हते. त्यात धोका किती, हेही कोणाला नीट सांगता येत नव्हते. त्या पाच जणांपैकी चौघे वाचले. ही परकी मज्जा त्यांच्या शरीरात कायमची टिकली नाही, असे पुढील अभ्यासकांचे मत आहे. तथापि अनोळखी माणसासाठी स्वतःच्या हाडांतील मज्जा देता येते, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली.

आता शास्त्रज्ञांच्या मनात एक धाडसी विचार आला. ल्युकेमियाने ग्रासलेली मज्जा प्रभावी औषधांनी आणि किरणांनी पूर्णपणे नष्ट करावी आणि तिच्या जागी निरोगी माणसाची मज्जा द्यावी, तर रोग समूळ जाणार नाही काय? अमेरिकेतील डॉक्टर डॉनल थॉमस यांनी या विचाराला आपले आयुष्य वाहिले. १९५७ साली त्यांनी सहा रोग्यांवरील प्रयत्नांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. परंतु त्या सहांपैकी एकही रोगी वाचला नाही. पुढील काही वर्षांत जगभर झालेले बहुतेक प्रयत्नही फसले आणि अनेकांनी हा मार्ग सोडून दिला. थॉमस मात्र पुन्हा प्रयोगशाळेत गेले आणि प्राण्यांवर प्रयोग करीत राहिले.

अपयशाचे मूळ शरीराच्या प्रतिकारशक्तीत होते. प्रत्येक माणसाच्या पेशींवर काही विशिष्ट खुणा असतात. आपल्या खुणा कोणत्या आणि परक्या कोणत्या, हे शरीरातील पांढऱ्या पेशी ओळखतात. परकी खूण दिसली की त्या हल्ला करतात. फ्रान्समधील झाँ दोसे यांनी १९५८ साली अशी एक खूण प्रथम शोधून काढली. या खुणांचा अर्धा संच आईकडून आणि अर्धा वडिलांकडून येतो. आईचे दोन आणि वडिलांचे दोन अशा संचांच्या चार जोड्या होऊ शकतात; म्हणून सख्ख्या भावाच्या वा बहिणीच्या खुणा आपल्याशी पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक असतो. या ज्ञानाच्या आधारे थॉमस यांनी १९६९ पासून सिअ‍ॅटल येथे नव्याने प्रयत्न सुरू केले. १९७७ साली त्यांनी शंभर रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. इतर सर्व उपाय थकलेल्या त्या शंभरांपैकी १३ जण दीर्घकाळ रोगमुक्त राहिले होते. हा आकडा लहान दिसतो. परंतु ज्यांच्यापुढे मृत्यूवाचून दुसरा मार्ग नव्हता, त्यांच्यापैकी हे तेरा जण होते. रोग बळावण्यापूर्वीच रोपण केल्यास यश वाढते, हेही पुढे दिसून आले. थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात ही विद्या आणली डॉक्टर सुरेश अडवाणी यांनी. त्यांचा जन्म १९४७ साली कराचीस झाला. देशाच्या फाळणीनंतर त्यांचे कुटुंब मुंबईस आले आणि घाटकोपर येथे राहिले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि चालणे कायमचे थांबले. वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळविताना या अपंगत्वाची अडचण आली. पण ते मागे हटले नाहीत. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि ते टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागले. चाकांच्या खुर्चीत बसून हा डॉक्टर रोग्यांच्या खाटांजवळून फिरे. सिअ‍ॅटल येथील थॉमस यांच्या केंद्रात जाऊन त्यांनी मज्जारोपणाचे शिक्षण घेतले आणि ते मायदेशी परतले.

२० मार्च १९८३ हा दिवस भारतीय वैद्यकाच्या इतिहासात संस्मरणीय ठरला. त्या दिवशी टाटा स्मारक रुग्णालयात डॉक्टर अडवाणी आणि त्यांचे सहकारी यांनी ल्युकेमियाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. ते रोपण यशस्वी झाले. देशातील हे पहिले यशस्वी मज्जारोपण होय. पुढे भारत सरकारने अडवाणी यांना २००२ साली पद्मश्री आणि २०१२ साली पद्मभूषण देऊन गौरविले.

मज्जारोपणाची क्रिया ऐकण्यास सोपी, पण करण्यास अत्यंत जोखमीची आहे. दात्याला गुंगी देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. दात्याला काही दिवस कंबर दुखते; परंतु दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. आता बहुधा दात्याला काही दिवस औषध टोचून मूलपेशी रक्तात उतरवितात आणि रक्तातूनच त्या वेगळ्या काढून घेतात. रोग्याला मात्र आधी दिव्यातून जावे लागते. औषधांनी, आणि काही वेळा किरणांनीही, त्याची जुनी मज्जा नष्ट करावी लागते. ज्या किरणांनी हिरोशिमात संहार केला, तेच येथे मोजून-मापून उपचारासाठी वापरले जातात. मग दात्याच्या पेशी रक्त चढवावे तशा शिरेतून दिल्या जातात. हाडांकडे जाण्याची वाट त्यांना कोणी दाखवीत नाही. रक्तप्रवाहातून फिरत त्या स्वतःच मज्जेच्या पोकळीत जाऊन वसतात. त्या रुजून नवे रक्त तयार होईपर्यंत दोन ते चार आठवडे जातात. तोवर साधा जंतूही रोग्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून त्याला गाळलेली हवा असलेल्या स्वतंत्र खोलीत ठेवतात. आईलाही तोंडावर पट्टी बांधून, हात स्वच्छ धुऊनच लेकराजवळ जावे लागते.

रोपण रुजले तरी एक संकट उरतेच. दात्याच्या मज्जेबरोबर त्याच्या लढाऊ पांढऱ्या पेशीही येतात. त्यांना रोग्याचे शरीरच परके वाटते आणि त्या त्याच्या त्वचेवर, आतड्यांवर व यकृतावर हल्ला करतात. पाहुण्याने घरात येऊन यजमानाशीच भांडण मांडावे, तसा हा प्रकार होतो. डॉक्टर या हल्ल्याला आवर घालण्यासाठी झटत होते. पण १९७९ साली सिअ‍ॅटलच्या संशोधकांना असे आढळले की, ज्या रोग्यांना हा त्रास झाला, त्यांचा ल्युकेमिया परत येण्याचे प्रमाण कमी होते. उलट, जुळ्या भावंडाची अगदी एकरूप मज्जा मिळालेल्यांना असा त्रास होत नसे. पण त्यांचा रोग अधिक वेळा परतत असे. याचा अर्थ उघड होता. औषधांच्या आणि किरणांच्या तावडीतून सुटलेल्या चुकार कर्कपेशींना दात्याच्या पांढऱ्या पेशी शोधून मारीत होत्या. माथे यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत हाच विचार मांडला होता. १९९० साली जर्मनीतील म्युनिक येथील कोल्ब आणि त्यांचे सहकारी यांनी रोग परतलेल्या काही रोग्यांना दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या आणि रोग मागे हटल्याचे दाखवून दिले. ज्या शक्तीपासून रोग्याला जपावयाचे, तीच शक्ती त्याला रोगातून सोडविते. ती किती आवरावी आणि किती मोकळी सोडावी, या तारतम्यातच आजही मज्जारोपण करणाऱ्या डॉक्टरांचे खरे कौशल्य आहे.

पांढऱ्या पेशी कर्करोगाला मारू शकतात, हे एकदा कळल्यावर त्यांना अचूक लक्ष्य दाखविता येईल काय, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. परदेशात या प्रश्नाचे उत्तर प्रथम सापडले. परंतु तो उपचार आपल्याकडील सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडचा होता. मुंबईतील पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत डॉक्टर राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी यांनी हा उपचार येथेच निर्माण करण्याचे काम हाती घेतले. रोग्याच्याच 'टी' नावाच्या लढाऊ पेशी रक्तातून काढावयाच्या, कर्कपेशींवरील खूण ओळखणारे जनुक त्यांच्यात घालावयाचे आणि त्या वाढवून पुन्हा रोग्याला द्यावयाच्या, अशी ही रीत आहे. टाटा केंद्राच्या डॉक्टरांनी खारघर येथील मज्जारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी भारतात प्रथमच हा उपचार केला. रक्ताच्या काही प्रकारच्या कर्करोगांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. परदेशातील खर्चाच्या मानाने हा खर्च पुष्कळ कमी आहे. तरी गरिबाला तो अजूनही जड आहे. संशोधकांचे काम म्हणूनच संपलेले नाही.

या संशोधनाचे फळ ल्युकेमियाच्या रोग्यांपुरतेच मर्यादित नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, डहाणू या भागांत काही आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या आजारात गोल तांबड्या पेशी कोयत्याच्या पात्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. जुळणाऱ्या भावाबहिणीची मज्जा मिळाली, तर हा आजारही समूळ बरा होऊ शकतो. ज्यांच्या घरात जुळणारा दाता नसतो, त्यांच्यासाठी इच्छुक दात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था आहेत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या निरोगी माणसाला तेथे नाव नोंदविता येते. नोंदीसाठी गालाच्या आतील बाजूस कापसाचा बोळा फिरवून घेतला की पुरते.

संपत्ती दिली तर ती कमी होते. मज्जा दिली तर ती काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. शरीराने माणसाला दानासाठी जणू न आटणारी विहीरच दिली आहे. पण विहिरीत पाणी असून भागत नाही. ते काढून तहानलेल्याला देणारे हात लागतात. पॅरिसच्या त्या अनोळखी दात्यांनी, अपयशाने न खचलेल्या थॉमस यांनी, खुर्चीत बसून डोंगराएवढे काम उभे करणाऱ्या अडवाणी यांनी आणि आपल्या बहिणीसाठी मज्जा देणाऱ्या त्या मुलाने हेच केले. ज्ञान आणि दान यांची अशी जोड मिळाली, तेव्हाच ल्युकेमियाच्या रोग्यांना जगण्याची आशा निर्माण झाली.

अभ्यास

१. तारापूरचे अणुविद्युत केंद्र आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय यांचा परस्परसंबंध काय?

२. अस्थिमज्जेला 'रक्ताचा कारखाना' का म्हटले आहे?

३. सख्ख्या भावंडांच्या पेशींवरील खुणा जुळण्याचा संभव चारांत एक का असतो, हे आकृती काढून समजावून सांगा.

४. 'ज्या शक्तीपासून रोग्याला जपावयाचे, तीच शक्ती त्याला रोगातून सोडविते.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

५. पाठात आलेल्या शेतीविषयक उपमा शोधा आणि त्या कशासाठी योजिल्या आहेत ते लिहा.

६. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : दिव्यातून जाणे, जिवावर बेतणे, आवर घालणे, मागे न हटणे.

७. आपल्या गावातील आरोग्यकेंद्रात जाऊन सिकलसेलची तपासणी कशी करतात याची माहिती मिळवा आणि ती वर्गात सांगा.